बांधणाऱ्याची सोय

केबल टायचा, म्हणजे वायरी बांधायच्या त्या दातेरी प्लॅस्टिकच्या पट्टीचा, आवाज ओळखू येत नाही असा माणूस आता शहरात तरी सापडायचा नाही. शेपटी डोक्यात घातली, ओढली, कर्रर्र... झालं काम. जिन्यातल्या इंटरनेटवाल्यांच्या केबलींचं जंजाळ त्यानेच धरलेलं असतं, बाल्कनीतली कबुतरांची जाळीही त्यानेच. टोलनाक्याच्या रांगेत शेजारच्या टूरिस्ट गाडीच्या चाकाकडे एकदा बघा. कव्हर कंपनीचं असतं, पण ते चाकाला धरून ठेवणारे दोन-तीन टाय मालकाने मारलेले असतात. कंपनीच्या इंजिनिअरांवर अविश्वास दाखवायची इतकी स्वस्त पद्धत दुसरी नसेल.

हे मी जरा आतल्या माहितीवरून बोलते आहे. गाडीतल्या वायरी बांधायच्या आणि जागेवर धरून ठेवायच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा आणि टाय डिझाइन करणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. लग्नकार्यात कुणी विचारलं तर ‘ऑटोमोबाइलमध्ये आहे’ एवढंच सांगते. ‘वायरी बांधायच्या पट्ट्या काढते’ म्हटलं की समोरचा बिचारा पुढचा प्रश्न शोधत बसतो.

पण एक टाय हातात घेऊन, उजेडात धरून नीट बघा. पट्टीवर आडवे बारीक दात आहेत. डोक्याच्या खिडकीत एक छोटीशी जीभ आहे, तिलाही दोन-तीन दात. दातांची एक बाजू उतरती, दुसरी उभी. पट्टी पुढे सरकताना उतरत्या बाजूने जीभ उचलली जाते आणि पुन्हा खाली बसते. तोच तो कर्रर्र. उलटं ओढलं की उभ्या बाजू एकमेकींना भिडतात आणि पट्टी जिभेला स्वतःकडे खेचून घेते. म्हणजे सुटायला जेवढी धडपड, तेवढी पकड घट्ट. साडेचार-पाच मिलिमीटर रुंदीचा साधा टाय २२ किलोचा ताण सोसतो, अडीच मिलिमीटरचा सडपातळ ८ किलोचा. सगळी भिस्त त्या जिभेच्या मुळाशी असलेल्या बिजागरीवर, आणि ती बिजागरी म्हणजे काय, तर नायलॉनचाच एक पातळ पापुद्रा. शेपटीचं टोक निमुळतं असतं, किंचित वर वळलेलं, आणि त्यावर आडव्या रेघा उठवलेल्या असतात. घामेजल्या बोटांतून ती निसटू नये म्हणून. कुणीतरी त्या बोटांचा विचार केला आहे.

टाय ज्याचा बनतो तो नायलॉन ६६ हा मोल्डिंगवाल्यांच्या, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून साच्यात भरणाऱ्यांच्या, सहनशक्तीचा अंत पाहणारा माल आहे. २६० अंशांच्या आसपास वितळतो, आणि वितळला की इतका पातळ होतो की डायमध्ये, म्हणजे साच्यात, दिसेल त्या फटीत शिरतो. जिभेच्या फटीत असा जादा माल घुसून जरा फ्लॅश आला की जीभ हलत नाही, टाय बाद. फ्लॅश नको म्हणून प्रेशर कमी करावं, तर पट्टीच्या टोकापर्यंत माल पोचत नाही आणि पीस शॉर्ट येतो. डायवाले डिझाइनवाल्यांना बोल लावतात, डिझाइनवाले मशीनवर घालतात आणि मशीनवाला ‘मटेरियलच ओलं आहे’ म्हणून मोकळा होतो. मोल्डिंगच्या आधी दाणे खडखडीत वाळवावे लागतात, हे त्याचं खरंच असतं.

गंमत म्हणजे डायमधून बाहेर पडल्यावर तोच ओलावा हवाहवासा होतो. कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, हवेतलं पाणी प्यायलं की लवचीक बनतं. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड मऊ पडतो म्हणून आपण वैतागतो. टायच्या बाबतीत नेमकं तेच पाहिजे असतं. म्हणून टाय जाणूनबुजून ओलसर करून बंद पिशवीत भरतात. ती पिशवी फोडून मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर ठेवली, तर वाकवताच टाय कड्कन मोडतो आणि वायरमन दुकानदाराला ‘डुप्लिकेट माल दिला’ म्हणून चार शब्द सुनावून येतो. दुकानदार प्रत्येक वेळी निर्दोष असतो असं नाही, पण अशा वेळी पिशवीत चार थेंब पाणी शिंपडून तोंड बांधून दोन दिवस ठेवून बघावं. भांडणापेक्षा स्वस्त पडतं.

या सगळ्याची सुरुवात बोटांपासूनच झाली. १९५६ साली मॉरस लोगन नावाचे एक इंजिनिअर बोइंगचा विमान कारखाना बघायला गेले. ते थॉमस अँड बेट्स या अमेरिकन कंपनीत कामाला होते. विमानाच्या वायरींचे जुडगे त्या काळी पन्नास-पन्नास फुटी प्लायवूडवर मांडून मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधत. प्रत्येक गाठ आवळायची म्हणजे दोरा बोटाला गुंडाळून ओढायचा. बोटं कापायची, मग घट्टे पडायचे, आणि त्या घट्ट्यांवरच पुढची नोकरी व्हायची. लोगननी ते पाहिलं आणि १९५८ मध्ये आपल्या टायच्या पेटंटचा अर्ज दाखल केला. त्याला नाव दिलं टाय-रॅप. त्याच्या डोक्यात प्लॅस्टिकची जीभ नव्हती, पोलादाची बारीक पाती होती आणि ती पट्टीत रुतायची. अख्खा प्लॅस्टिकचा टाय नंतर आला.

बोटं वाचली, हे उत्तमच झालं. पण मला या धंद्यात राहून एक शंका येते. दोरा आवळताना बोटाला रग लागायची आणि माणूस आपोआप थांबायचा. टायमध्ये बोटाला काही कळतच नाही. समोर दात शिल्लक आहेत तोवर ओढत राहायचं. मग सोसायचं कुणी? वायरीने. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या जोड्या ठरावीक पिळाने गुंफलेल्या असतात. टायने तिची कंबर आवळली की आतला पिळ दबतो, आणि ऑफिसात ‘नेट स्लो आहे’ची ओरड सुरू होते. म्हणून सर्व्हर रूममधले जाणकार तिथं वेल्क्रोची पट्टी वापरतात. गाडीच्या वायरिंगला कारखान्यात टाय मारायची गन असते. ठरवून दिलेला ताण आला की ती स्वतःच थांबते आणि शेपटी मुळापासून छाटते. माणसाच्या बोटातली रग काढून घेतली आणि मग ती विकत आणून मशीनमध्ये बसवली, असा हा प्रकार.

शेपटी मुळापासून छाटणंही महत्त्वाचं. साध्या कटरने तिरकं कापलेलं टोक ब्लेडला मागे सारेल असं असतं. जुन्या वायरमनच्या मनगटावरचे ओरखडे बघा. ते त्याच्या आधी येऊन गेलेल्याने काढलेले असतात.

अंतराळयानांच्या वायरिंगमध्ये आजही दोऱ्याच्याच गाठी असतात, हे सांगितलं की आमच्या नव्या मुलांना पटत नाही. दोरा सपाट बसतो, त्याला टोचणारं डोकं नसतं आणि वजनही नगण्य.

माझ्या रोजच्या कामात टायपेक्षा जास्त वेळ क्लिपांमध्ये जातो. टायच्याच डोक्याला मागून एक खुंटी जोडलेली असते, तिला दोन्हीकडे तिरके पंख. पत्र्याच्या भोकात अंगठ्याने दाबली की पंख मिटून आत जातात आणि पलीकडे उघडतात. लाइनवरचा माणूस शिफ्टभर तेच करत असतो, म्हणून घालायला लागणारं बळ कमी पाहिजे; गाडी खड्ड्यांतून आदळत जाणार, म्हणून काढायला लागणारं बळ भरपूर पाहिजे. हे दोन आकडे ड्रॉइंगवर ठळक लिहिलेले असतात आणि त्यांच्यावरून मीटिंगा रंगतात. पाच वर्षांनी गॅरेजमध्ये दाराचं आतलं पॅनेल काढताना त्या क्लिपेचं काय होणार, यावर रंगलेली मीटिंग मी पाहिलेली नाही. काय होणार? पंख मोडणार. मेकॅनिक त्यातल्या निम्म्या परत बसवणार. आणि मालक घरी येऊन म्हणणार, दार उघडल्यापासून गाडी खडखडते.

बांधणाऱ्याची सोय बघायला सगळे असतात. सोडणारा नंतर येतो, त्याला कोण विचारतो! सौर पॅनेलच्या बाबतीत तर कमाल आहे. पंचवीस वर्षांच्या हमीचं पॅनेल गच्चीवर चढतं आणि खाली त्याच्या वायरी साध्या पांढऱ्या टायने बांधलेल्या. उन्हात टिकायला काळा टाय लागतो, कारण त्यात घातलेली काजळी ऊन स्वतःवर घेते. पांढरा दोन-चार उन्हाळ्यांत पिवळा पडून तुटतो, वायर पत्र्यावर घासायला लागते, आणि बिघाड शोधायला आलेला माणूस वर पॅनेलच पुसत बसतो. दोन्ही टायच्या किमतीत फरक म्हणावा असा नाही.

उघडता येणारे टाय मिळतात, तेही काही आजचे नाहीत. जिभेला बाहेर एक छोटा खटका असतो, तो दाबला की पट्टी सुटते. गाडीत ते चालत नाहीत, कारण धक्क्याने किंवा कुणाच्या कोपराने खटका दबला तर पंचाईत. पण घरात, टीव्हीच्या मागे, जिथे दर दिवाळीला एक नवी वायर येते, तिथे दुसरं काही वापरूच नये असं माझं मत आहे. आमच्या वायरमनकाकांना मी तेच सांगितलं.

“मिळतात की. महाग पडतात,” ते म्हणाले.

“पण काका, पुढच्या वेळी कापावे लागणार नाहीत.”

त्यांनी शेपटी छाटली, खिशात टाकली. “पुढच्या वेळी येणार कोण ताई? मीच ना? तेव्हा नवीन पाकीट लावू बिलात.”

पाकीट शंभराचं येतं. आमच्या टीव्हीला दहा-बारा पुरतात.