नंदी, बंधारा आणि शंभर शब्द

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठी एक नंदी आहे. माझी आजी सांगत असे की, तो दररोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल त्या दिवशी जगबुडी होईल. या कथेत पात्र एकच, तेही दगडाचे, आणि संवाद तर मुळीच नाही. तरीही लहानपणी रंकाळ्यावर भेळ खाताना माझे अर्धे लक्ष त्या नंदीकडे असे. एक नियम सांगायचा, त्याचा शेवट कोठे होणार हे सुचवायचे आणि मधला सगळा काळ ऐकणाऱ्याच्या डोक्यात चालू द्यायचा, ही युक्ती मी पुढे कल्पितकथा लिहू लागले तेव्हा मला तिथूनच मिळाली.

मी लिहिते त्या प्रकाराला मराठीत ‘अलक’ म्हणजे अति लघुकथा म्हणतात, आणि शंभर शब्दांची अट काटेकोर पाळली तर ‘शतशब्दकथा’ किंवा ‘शशक’. शंभर शब्दांची ही अट ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींनी 1980 च्या दशकात रूढ केली. मात्र तीच अट मराठीत आणली की तिचा अर्थ बदलतो. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘रंकाळ्याकाठच्यांनाच’ हा हिशेबात एकच शब्द ठरतो. या सवलतीचा फायदा घेऊन शब्दांचे डबे जोडत जाणारे लेखक मला अजिबात आवडत नाहीत, हे येथे स्पष्टच लिहिते.

चिन्हांची मर्यादा असली की पारडे उलट फिरते. ‘कोल्हापूर’ हा आपल्या दृष्टीने चार अक्षरांचा शब्द. पण संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षराच्या पोटातला हलन्त असे सगळे वेगवेगळे मोजतो आणि नऊ सांगतो. साध्या मोबाइल संदेशात रोमन लिपीतली 160 अक्षरे मावत आणि देवनागरीत लिहायला घेतले की मर्यादा एकदम 70 चिन्हांवर येई. त्या काळात मी ‘ज्योत्स्ना’ नावाच्या पात्राला केवळ हिशेबापायी ‘उमा’ केले होते: दहा चिन्हांच्या जागी तीन.

मोजणीपेक्षा मोठी अडचण मराठी क्रियापदाची आहे. कथा सांगणारा माणूस आहे, यंत्र आहे की आणखी काही, हे शेवटच्या ओळीपर्यंत लपवायचे असेल तर मराठी पहिल्याच वाक्यात लेखकाला पकडून देते. ‘मी उठलो’ म्हटले की पुरुष, ‘मी उठले’ म्हटले की स्त्री, आणि निवेदक म्हणून यंत्र उभे केले तर ‘मी जागा झालो’, ‘मी जागी झाले’ की ‘मी जागे झाले’, असा प्रश्न दारातच उभा राहतो. सुटकेच्या वाटाही भाषेतच आहेत. ‘मला जाग आली’, ‘मी दार उघडले’, ‘मी उद्या जाईन’ या वाक्यांत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. अशाच वाक्यांतून संपूर्ण कथा विणायची, पण ती अवघडलेली वाटू द्यायची नाही, यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत.

त्यात मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायकाही सहज ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. घरी मीही तसेच बोलते आणि लिहायला बसल्यावर ‘आले’, ‘जेवले’ करते. एकदा मंगळवार पेठेतल्या एका वृद्ध बाईची आणि तिची काळजी घेणाऱ्या यंत्रमानवाची कथा मी बोलीत लिहिली. ‘दार वाजलं म्हणून मी उघडायला आलो’ हे बाईचे वाक्य होते. पुण्या-नागपूरच्या वाचकांनी ते यंत्रमानवाचे वाक्य मानले आणि सगळी कथा त्याच्या बाजूने वाचली: मुलाची वाट पाहत बसलेली आई त्यांना दिसलीच नाही, तिच्या मृत्यूनंतरही दाराशी उठून जाणारे यंत्र दिसले. त्यांची कथा माझ्या कथेपेक्षा चांगली होती. मी काही दिवस चरफडले आणि मग गप्प राहिले.

इतक्या थोड्या जागेत नवे जग उभारता येत नाही. ते वाचकाच्या घरातूनच उसने घ्यावे लागते, असे माझे मत त्यानंतर पक्के झाले. म्हणून मी परग्रह सोडले आणि बंधाऱ्यावर आले. कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी किती फूट आहे याचे संदेश मोबाइलवर दिवसरात्र फिरत असतात. त्यावरची माझी कथा शंभर शब्दांचीही नाही, म्हणून येथे पूर्ण देते.

‘पहाटे चारला संदेश आला: राजाराम बंधारा, 39 फूट. पाचला: 43. आम्ही धान्य माळ्यावर चढवले. सहाला: 47. म्हशी सोडल्या. सातला धाकटा दीर धावत बंधाऱ्यावर जाऊन आला. नदीत टाच बुडेल एवढेही पाणी नव्हते. पट्टीवरची ओली रेघ मात्र 51 वर होती.’

कोल्हापूरच्या वाचकाला येथे काहीही समजावून सांगावे लागत नाही. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘म्हशी सोडल्या’ या दोन शब्दांनी ज्याच्या पोटात गोळा येतो त्याने पूर पाहिलेला असतो. बाहेरच्या एका वाचकाने मात्र गंभीरपणे विचारले की, आकडे प्रत्येक वेळी चारने वाढतात, तर ही सांकेतिक लिपी आहे का? मला हसू आले. तेवढ्यात शिरोळकडच्या एका वाचकाने लिहिले की, याच हिशेबाने पुढचा आकडा 55 येतो, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेले होते. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. त्या रात्री मी कथा पुन्हा वाचली आणि मलाच ती नीट सोसली नाही.

मग मी बाहेरच्यांसाठी इशारा आणि धोका पातळी समजावणारे एक वाक्य घातले, चार दिवस ठेवले आणि काढून टाकले. त्या वाक्याने कथा समजत होती, पण तिच्यातले पाणी चढायचे थांबत होते.

विज्ञानकथेच्या बाबतीत आमच्या गावाचा दावा मोठा आहे. जयंत नारळीकरांचा जन्म 1938 मध्ये कोल्हापुरातच झाला. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात लिहवून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नावाच्या वजनाशिवाय कथा उभी राहते का, हे पाहण्याचा तो प्रयोग मला फार आवडतो. आमच्या पिढीला एवढी तसदी घ्यावी लागत नाही; नाव आपोआप गळून पडते.

नंदीवर मी बरोबर शंभर शब्दांची कथा लिहिली होती. तीत मोजणीदार पिढ्यान्‌पिढ्या नंदी आणि पाणी यांमधले अंतर घेतात, ते दरवर्षी कमी भरते, आणि शेवटी कळते की नंदी जागचा हललेलाच नाही. तलाव आला आहे. तिच्यावर सर्वांत कसून चर्चा झाली ती तांदळाची. एका गृहस्थांचे म्हणणे असे की, बासमती धरला तर त्याचा दाणा गव्हापेक्षा लांब, म्हणजे नंदी रोज मागेच जाणार आणि जग सुरक्षित राहणार. आमच्याकडचा आखूड दाण्याचा आजरा घनसाळ तांदूळ धरला तरच धोका आहे. इतकी उत्तम विज्ञानकथा मला लिहिता आली नसती.

गेल्या महिन्यात तीच कथा नाव गाळून, खाली ‘अज्ञात’ असे लिहून आणि हात जोडल्याच्या चित्रासह आमच्या कुटुंबाच्या गटावर आली. पाठवली होती आत्याने, वर लिहिले होते, ‘बघ, तुला असलं आवडतं न्हवं?’ कथेच्या शेवटी कोणीतरी तलाव वाचवण्याविषयीचे एक वाक्य जोडले होते. मी शब्द मोजले. 112 भरले.