वारं सुटलं की नेट बसायचं

केज तालुक्यातल्या आमच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, केवायसी आणि जुलैत पीक विम्याचे अर्ज. त्याच लाइनवर मुलीचा अभ्यास असतो, भाऊजींचं कामही असतं. कनेक्शन फायबरचं, प्लॅन ५० एमबीपीएसचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला हे नेट मधूनच मंद व्हायला लागलं. पार बंद पडलं असतं तर परवडलं असतं, कारण बंद लाइनला दुरुस्तीवाला लगेच येतो. आमचं सकाळी ४८ दाखवायचं, दुपारी दोनवर यायचं, आणि माणूस बघायला आला की परत ४८. तो म्हणायचा, "ताई, लाइन ओके आहे." तो खोटं बोलत नव्हता. तो यायचा तेव्हा लाइन खरंच ओके असायची.

त्रास काय होता ते सांगते. रोजानं खुरपायला जाणारी मावशी दिवसाचा रोज बुडवून केवायसीला येते. राबून तिच्या बोटांच्या रेघा आधीच पुसट झालेल्या. कसाबसा अंगठा मशीनवर उमटतो आणि तेवढ्यात वेळ संपून पान पुन्हा पहिल्यापासून. ओटीपी येतो तोवर जुना झालेला असतो. "गोल गोल फिरायलंय नुसतं," असं म्हणत माणसं बाहेर लिंबाखाली बसून राहायची. पीक विम्याची मुदत जुलैअखेरीला येऊन ठेपली की दारात रांग असते, आणि त्या रांगेतल्या माणसाला "उद्या या" म्हणायला जीभ रेटत नाही.

मधूनच येणारा बिघाड माणसाच्या सांगण्यावर सापडत नाही, तो नोंदीवर सापडतो, एवढं माझ्या लक्षात आलं. म्हणून एक वही घातली. नेट बसलं की वेळ लिहायची, त्या वेळी लाइट थ्री फेज होती की सिंगल, पाऊस होता का, घरात कोण काय बघत होतं, तेही लिहायचं. हे सगळं कशाला, असं घरच्यांना वाटायचं. पण पुढं जे काही सुटलं ते या वहीमुळंच.

पहिला प्रश्न होता, दोष घरातला की बाहेरचा. आमचं घर जुनं माळवदाचं, भिंती दीड-दोन हात जाड. राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा वायफाय असली भिंत ओलांडत नाही, २.४ वाला ओलांडतो पण दमतो. त्यामुळं आतल्या खोलीतल्या मोबाइलवर केलेल्या स्पीड टेस्टला काहीच अर्थ नसतो. मी लॅनची वायर घेऊन लॅपटॉप थेट राउटरला जोडला आणि कमांडच्या काळ्या खिडकीत दोन पिंग लावून ठेवले. पिंग म्हणजे समोरच्या पत्त्याला मारलेली हाक, ती किती वेळात परत येते ते आकड्यात दिसतं. एक राउटरच्याच पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरा गूगलच्या ८.८.८.८ ला. यातली गोम सोपी आहे. पहिला पिंग डगमगला तर भानगड घरात. पहिला ठणठणीत आणि दुसरा डगमगला तर भानगड राउटरच्या पलीकडं. आमचा पहिला कायम एका मिलिसेकंदात परत यायचा. दुसरा एरवी ३० च्या आसपास, आणि नेट बसलं की मधल्या ओळी "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" म्हणून गळायला लागायच्या. म्हणजे घर सुटलं.

मग संशय विजेवर. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि गावातले दिवे मिणमिणतात. राउटरचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा, दाब फार उतरला की राउटर गपकन बंद होऊन परत चालू होतो, आणि सगळं जाग्यावर यायला दोन-तीन मिनिटं जातात. वरून बघणाऱ्याला ते नेट गेल्यासारखंच दिसतं. पण हे तपासायची चांगली सोय राउटरच्या पानावरच असते, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडतं ते पान. तिथं तो किती तासांपासून सलग चालू आहे ते लिहिलेलं असतं. नेट बसल्यावर बघितलं तर आकडा तसाच पुढं चाललेला. राउटर बंद पडलेलाच नव्हता. तरी राउटरला लागणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मी घेऊन टाकला, खेड्यात तो लागतोच. त्यानं वही मात्र बदलली नाही.

वही चाळताना एक गोष्ट डोळ्यात भरली. दुपारच्या नोंदी सगळ्या वाऱ्याच्या दिवसांतल्या. जून-जुलैत आमच्या बालाघाटाच्या माथ्यावर पश्चिमेचं वारं दुपारी असं सुटतं की पत्रे वाजतात. ज्या दिवशी वारं पडलेलं, त्या दिवशी दुपारचा रकाना कोरा. पण संध्याकाळी आठ ते अकराच्या नोंदी मात्र रोजच्या, वारं असो नसो. म्हणजे आमच्याकडं एक दुखणं नव्हतंच, दोन होती. दोन्ही एकात मिसळली होती म्हणून कुठलंच औषध लागू पडत नव्हतं.

दुपारचं आधी घेतलं. फायबरच्या राउटरमध्ये, त्याला हे लोक ओएनटी म्हणतात, ऑप्टिकल पॉवरचं एक पान असतं. त्यात "आरएक्स पॉवर" म्हणून उणे चिन्हाचा आकडा असतो, डीबीएममध्ये. बाहेरून काचेच्या तारेतून आपल्यापर्यंत किती उजेड पोचतोय ते हा आकडा सांगतो. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. उणे २० म्हणजे त्याचा शंभरावा भाग, उणे ३० म्हणजे हजारावा. दर तीन आकड्यांना उजेड निम्मा होतो. घरगुती ओएनटी साधारण उणे ८ पासून उणे २७ पर्यंत नीट चालतो, त्याच्या खाली तो अडखळायला लागतो. सकाळी माझा आकडा उणे २१. वारं सुटल्यावर उणे २६, उणे २८, परत २४. सात आकडे उतरले म्हणजे उजेड एक पंचमांश राहिला.

लाइन बंद का पडत नव्हती आणि नुसती मंद का व्हायची, तेही यातच आहे. उजेड पार गेला तर ओएनटीवर लॉसचा लाल दिवा लागतो आणि कुणालाही कळतं. काठावरचा उजेड असला की दिवा हिरवाच राहतो, पण माहितीची मधली पाकिटं खराब होतात, ती पुन्हा मागवावी लागतात, आणि समोरचा सर्व्हर वाटेत गर्दी आहे असं समजून आपला वेग कमी करत नेतो. हिरवा दिवा बघून "ओके आहे" म्हणणारा म्हणूनच चुकतो.

मी वाऱ्याच्या दुपारचे स्क्रीनशॉट काढले, सकाळचे शेजारी ठेवले, आणि केबलवाल्याच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्याचा सूरच बदलला. "ताई, हे आधी का नाही दाखवलं? उद्या वाऱ्यातच येतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. आमच्या गल्लीच्या तोंडाला कंपनीचा लोखंडी खांब आहे, शेजारी लिंबाचं झाड. त्या खांबावर आमच्या तारेचा एक जुना जॉइंट काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला, आणि तार क्लॅम्पमधून काटकोनात खाली वळलेली. फांदी वाऱ्यानं हलली की तारेवर घासायची, तार ओढली जायची आणि ते वळण आणखी आवळायचं. ठिबकची नळी मुरडली की पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच. फायबरच्या आतली उजेड वाहणारी वाट जेमतेम ९ मायक्रॉनची, ती तीव्र वळणावर उजेड बाहेर सांडते. येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा असतो आणि जाणारा १३१० चा, आणि वळणाचा फटका लांब लहरीला जास्त बसतो, म्हणजे येणाऱ्याला.

तो शिडीवर, मी खोलीत लॅपटॉपसमोर, आणि मधे ओट्यावर भाऊजी. मी पान ताजं करत आकडा ओरडायची, भाऊजी तो पुढं सांगायचे. "उणे सत्तावीस!" त्यानं क्लॅम्प ढिला केला. "चोवीस!" तार हातानं उचलून धरली. "एकवीस! भैय्या, तसंच धर!" त्याला आणखी काही दाखवायची गरज उरली नाही.

त्यानं जुना जॉइंट कापून टाकला. तारेचं वरचं आवरण सोलून, आतली काच स्पिरिटनं पुसून, नीट छाटून दोन्ही टोकं त्यानं त्या छोट्या मशीनमध्ये ठेवली. पडद्यावर दोन टोकं समोरासमोर मोठी दिसत होती, मशीननं ती आपोआप जुळवली आणि एका ठिणगीत वितळवून एक केली. वर नळी चढवून तापवली, जॉइंट डबीत बंद केला, तारेला मोठा सैल वळसा दिला, क्लॅम्पची जागा बदलली. लिंबाची ती फांदी दुसऱ्या दिवशी आम्ही छाटली. तेव्हापासून वारं कितीही सुटलं तरी आकडा उणे २० आणि २१ च्या मधेच.

हे काम कुणी स्वतः करायला जाऊ नये. खांबावर चढायचं नाही, आणि तुटलेल्या फायबरच्या टोकात तर कधीच डोकवायचं नाही. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही पण डोळा बिघडवू शकतो. आपलं काम आकडे टिपायचं. ते पान उघडायला लागणारा पासवर्ड बसवणाऱ्याकडून आधीच मागून घ्यावा. काही जण द्यायला कां-कूं करतात, तेव्हा निदान बघण्यापुरतं लॉगिन मागावं.

राहिलं संध्याकाळचं. रात्री नऊला आरएक्स पॉवर उणे २१, राउटरचा पिंग एक, आणि ८.८.८.८ चा पिंग ३०० च्या वर. तार चांगली, घर चांगलं. म्हणजे गर्दी पुढं कुठंतरी. केबलवाला म्हणाला, एका फायबरवर ३२ घरं आहेत म्हणून होतंय. मला ते पटलं नाही. या जातीच्या फायबरवर, जीपॉनवर, खाली येणारा वेग सगळ्यांत मिळून सुमारे २.५ गिगाबिट असतो. ३२ घरांनी एकाच वेळी ५० घेतले तरी १,६०० एमबीपीएस, म्हणजे तो पुरतो. अडचण गावापासून तालुक्याकडं जाणाऱ्या मागच्या लाइनची होती. गावात कनेक्शनं वाढत गेली आणि ती लाइन होती तेवढीच राहिली.

हे खांबावर चढून सुटणारं नव्हतं, म्हणून कंपनीकडं रीतसर तक्रार केली. फोनवर नुसतं बोलून ठेवायचं नाही, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्यायचा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांत ही सोय आहे. ट्राय स्वतः एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळं आधी तिकडं धाव घेऊन उपयोग नसतो. पहिलं उत्तर आलं, "लाइन तपासली, सेवा सुरळीत." मी अपिलात वहीची पानं, रात्रीचे पिंग आणि वायर लावून केलेल्या स्पीड टेस्ट जोडल्या, आणि एक वाक्य घातलं की २०२३ पासून ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे, आमच्याकडं रात्री त्याच्याही खाली जातंय. गल्लीतल्या आणखी काही घरांनी आपापल्या नंबरवरून तशीच तक्रार टाकली. एकट्याची तक्रार घरातल्या वायफायवर ढकलता येते, एकाच वेळेला एकाच गल्लीतून आलेल्या तक्रारी तशा ढकलता येत नाहीत.

दिवाळीच्या आधी कंपनीनं मागची लाइन वाढवली. आता रात्री नऊचा पिंग ६० च्या आत असतो, क्वचित सुट्टीच्या दिवशी १०० ला टेकतो. केवायसीची कामं मी आता संध्याकाळी शेतातून परत येणाऱ्या बायकांसाठी आठपर्यंत चालू ठेवते, म्हणजे त्यांचा रोज बुडत नाही.