जॉर्जियातलं हॉस्टेल आणि आबांचा व्हिडिओ कॉल

राजधानी तिबिलिसीत हॉस्टेलला काही अडचण नाही, रिसेप्शनची पोरं इंग्लिश फाडफाड बोलतात. खरी मजा गावाकडं. समगोरी मेट्रोजवळनं सिघनागीची मार्शरुत्का मिळते, म्हणजे आपली वडापच, पण पाटी त्यांच्या लिपीत, 33 अक्षरं आणि ओळखीचं एक नाही. गावाचं नाव त्याच लिपीत स्क्रीनशॉट मारून ठेवा आणि ड्रायव्हरसमोर धरा, उच्चार करायच्या भानगडीत पडूच नका.

सिघनागीचं हॉस्टेल म्हणजे घरच, वरच्या खोलीत बंक टाकलेले. मालकीणबाईंना जॉर्जियन आणि रशियन येतं, मला गामार्जोबा आणि मादलोबा, म्हणजे नमस्कार आणि धन्यवाद, एवढंच. मटण नको हे मोबाईलवर ट्रान्सलेट करून दाखवलं, त्यांनी मान डोलावली आणि चिकनचं सूप आणलं! तेव्हापासून आपण सरळ किचनमध्ये शिरतो, झाकणं उघडून बोट दाखवतो. शाकाहारी माणसानं लोबियानी धरून चालावं, आत राजमा भरलेली रोटी, पोटभर होते.

मार्च चालू होता, अंगणात द्राक्षाचा मांडव आणि आजोबा कात्री घेऊन छाटणीला. आता तासगावचा माणूस गप्प बसतोय व्हय. आमच्या बागेतल्या सुपर सोनाका जातीच्या द्राक्षांचे फोटो दाखवले, आपल्याकडं एप्रिलात नव्या काड्या फुटाव्यात म्हणून खरड छाटणी आणि ऑक्टोबरला घड यावेत म्हणून फळछाटणी, हे दोन बोटं आणि मोबाईलमधलं कॅलेंडर दाखवून सांगितलं तर त्यांना पटेना, तिकडं थंडीत वेल झोपूनच असते त्यामुळं एकदाच छाटतात. मग तळघरात नेऊन गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले मातीचे रांजण दाखवले, क्वेवरी म्हणतात, ह्यात वाईन करायच्या पद्धतीला 2013 ला युनेस्कोनं मान दिलाय. आपण घेत नाही हे मात्र खुणेनं सांगायला काय जमलं नाही, एक ग्लास झालाच.

शेवटी आबांना व्हिडिओ कॉल लावला. इकडं दहा म्हणजे सांगलीत साडेअकरा, ते बेदाणा शेडवर होते. "अरे, काडीला डोळं किती ठेवत्यात इचार की त्यांना!" डोळं म्हणजे काडीवरनं कोंब फुटायच्या जागा. आजोबांना काय कळलं देव जाणे, पण काडी कॅमेऱ्यासमोर धरून एकेका डोळ्यावर बोट ठेवत मोजायला लागले, इकडनं आबा मराठीत मोजतायत, माझं काम फक्त फोन धरायचं. मोजून झाल्यावर आबा म्हणाले, "काडी लय लांब ठेवतंय म्हातारं, सांग त्याला."

कसं सांगू, आबा.