मुंगी केवढी होती?

पोरगा चार वर्षांचा असताना त्याला गॅस्ट्रो झालेला. जुलाब-उलट्या थांबेनात, म्हणून सांगलीतल्याच एका दवाखान्यात रात्री अकराला ॲडमिट केलं. सलाईन लावायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, "आईनं बाहेर थांबायचं, आई दिसली की पोरं जास्त रडतात." मी गपचूप बाहेर. आत तिघीजणींनी हातपाय धरलेले, आवाज येतोय, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं होतंय फक्त." शीर सापडेना, चौथ्यांदा टोचल्यावर लागली. नंतर माझ्या कुशीत हुंदके देत त्यानं विचारलं, "आई, मुंगी केवढी होती?"

मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं.

त्यानंतर वर्षभर तो साध्या केस कापायच्या दुकानात पण घुसायचा नाही, कारण त्या काकांनी पांढरा कोट घातलेला असायचा. आमच्याकडं तर परंपराच आहे ना, जेवला नाहीस तर डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचीन. आमच्या आत्याबाई आजही म्हणतात. आणि मग खरंच सुई आली की तेच लोक म्हणणार दुखत नाही. पोरानं विश्वास ठेवायचा कुणावर?

मी तेव्हापासून याविषयी वाचायला लागले, आणि एक गोष्ट वाचून हादरलेच. १९८० च्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी नवजात बाळांचं ऑपरेशन नीट भूल न देताच व्हायचं, फक्त हालचाल बंद करायचं औषध द्यायचं. समज असा की एवढ्याशा बाळाची मज्जासंस्था कच्ची, त्याला दुखत नाही, आणि भूल सोसणार पण नाही. कंवलजीत आनंद नावाच्या भारतीय डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये काम करून १९८७ ला लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी वेदनेचं औषध नीट दिलं तर शरीरावरचा ताण कमी होतो, नंतरची गुंतागुंत पण कमी. म्हणजे मी शाळेत जायला लागले तोवर जगात हे सिद्ध करायची वेळ आलेली!

असो. गेल्या वर्षी त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत झालं, सहा वर्षांचा होता. इथं वेगळाच प्रकार. सकाळी आल्या आल्या सिस्टरनी दोन्ही हातांच्या पाठीवर पांढरं मलम थापलं, वर पारदर्शक पट्टी, आणि म्हणाल्या आता तासभर बसा. लिडोकेन-प्रिलोकेनचं सुन्न करणारं मलम होतं ते, तासभर आधी लावलं तरच काम करतं, घाईत लावून उपयोग नाही. मग सुई लावताना त्याला झोपवलंच नाही, माझ्या मांडीवर बसवलं, आणि सिस्टर सरळ म्हणाल्या, "थोडं दाबल्यासारखं वाटंल, टोचल्यासारखं पण वाटू शकतंय, तू फुंकर मारत राहा." एका झटक्यात झालं. तो रडला, पण दोन मिनिटंच.

खरी गंमत संध्याकाळी. भूल दिल्यावर कंबरेखालचा भाग सुन्न करायचं इंजेक्शन दिलेलं असतं, ते काही तासांनी उतरतं. सिस्टर चेहऱ्यांचा तक्ता घेऊन आल्या, हसऱ्या तोंडापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे, ० ते १०. यानं पटकन हसऱ्यावर बोट ठेवलं. मी पण खूश. सिस्टर मात्र गेल्या नाहीत, बघत उभ्या. पठ्ठ्या उजवा पाय पोटाशी घेऊन पडलेला, मोबाईल पण नको म्हणत होता. त्या म्हणाल्या, "औषध याच नळीतनं द्यायचंय, नवीन सुई नाही." मग बोट सरकलं, थेट चौथ्या चेहऱ्यावर. दुखतंय म्हटलं की इंजेक्शन मिळतं हा हिशोब त्यानं केव्हाच करून ठेवलेला! गप्प पडलेलं पोर म्हणजे शहाणं पोर, असं मी तोवर समजत होते.

घरी सोडताना पॅरासिटामॉल दिलं, ते वजनावर. किलोला साधारण १५ मिलीग्रॅम, तो १६ किलोचा म्हणजे २४०, चार-सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारहून जास्त वेळा नाही. आणि बाटली बघून घ्या हं, ५ मिलीत १२५ वालं सिरप वेगळं आणि २५० वालं वेगळं, घरात दोन्ही असतात आणि आजी चष्मा न लावता देतात. पहिले दोन दिवस दुखायची वाट न बघता ठरल्या वेळेला द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साध्या तापात मात्र पावसाळ्यात जपून, डेंग्यूची शंका असली तर ब्रुफेन टाईपची औषधं नकोत, रक्तस्राव वाढतो.

लसीच्या दिवशी आधीच पॅरासिटामॉल पाजायची पण आपल्याकडं सवय आहे, त्यानं टोचायचं दुखणं काही कमी होत नाही. तान्ह्याला अंगावर पाजत असतानाच टोचून घेतलं तर जास्त फरक पडतो. नातवाची मान खाली घालून "मर्द हाय का न्हाय" विचारणाऱ्या आजोबांनी काही फरक पडत नाही, हे आमच्या घरात सिद्ध झालंय.

पुढच्या गुरुवारी धाकटीचा पाच वर्षांचा बूस्टर आहे. मलम आणून ठेवलंय, "दहाला लस, नऊला मलम" अशी चिठ्ठी फ्रीजवर लावलीय. काल बघितलं तर खाली वाकड्या अक्षरात पोरानं लिहिलेलं, मुंगी म्हनायचं नाय.