दोन फायबर आणि कडब्याची गाडी

लातूरच्या एमआयडीसीत आमचं सोयाबीन तेलाचं पॅकिंग आहे. माल बीदर, झहीराबादकडं जातो. परराज्यात ५०,००० रुपयांच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे जीएसटीच्या ऑनलाइन निघणाऱ्या वाहतूक-पासाशिवाय, हलत नाही. नेट गेलं की भरलेल्या गाड्या गेटात उभ्या, अन् ड्रायव्हर मुनिमाच्या टेबलाभोवती.

आधी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं. एक्स्चेंजपासून तार जेवढी लांब तेवढा वेग कमी, आणि आम्ही पार टोकाला. पाऊस पडला की फोनमध्ये नुसती खरखर. मग सिमकार्डचा राउटर आणला. बिलं निघायची, पण कॅमेरे घरून दिसेनात. मोबाइलच्या जोडणीवर सहसा आपला स्वतंत्र आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, नसतो, कैक गिऱ्हाइकं एकाच पत्त्याआड असतात, हे तेव्हा कळलं.

उरलं साधं फायबर किंवा लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्यानं घेतलेली जोडणी. लीज्ड लाइनचं भाडं ऐकून आण्णा म्हणाले, "एवढ्यात दोन हमालांचा पगार निघतो की."

सर्व्हेला आलेल्या पोरानं मला खांबावरचा डबा दाखवला. "दादा, तिकडून आलेली एक फायबर इथं ३२ जणांत फुटते. येताना अडीच जीबीपीएस, जाताना त्याच्या निम्मं, ते सगळ्यांत वाटून. लीज्ड म्हंजे तुमचा स्वतःचा बोअर." २०१६ साली मिरजेच्या रेल्वेनं पाणी प्यायलेल्या गावाला यापुढं काय समजवायचं! लीज्डमध्ये अपलोड-डाउनलोड सारखं, आणि बिघाड किती तासांत काढणार हे करारात लिहून मिळतं. खरी किंमत त्या लिहून देण्याची असते.

आमचं काम म्हणजे बिलं, हिशेब आणि आठ कॅमेरे. १०० एमबीपीएस भरपूर झालं. स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीसह साधं फायबर घेतलं, जोडीला दुसऱ्या कंपनीचं फायबर, आणि एक बंद पडलं की दुसऱ्यावर जाणारा राउटर. वीज जाते म्हणून राउटरला आणि फायबरच्या डबीला १२ व्होल्टचे छोटे यूपीएस. स्वतःवर लई खूश होतो.

फेब्रुवारीत एक कडब्याची गाडी रस्त्यानं गेली. कडबा खांबांच्या तारांना अडकला आणि दोन्ही डब्यांवर एकदमच लाल दिवा लागला. कंपन्या दोन, पण तारा एकाच खांबांवरून! दीड दिवस मुनिमानं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिलं काढली, आणि मी दोन्हीकडं फोन लावत बसलो. दोघांचंही उत्तर एकच, "माणूस निघालाय."

दुसरं फायबर बंद केलं. आता छतावर ५जीचा अँटेना आहे, खांबाशी त्याचा संबंध नाही. फायबर गेलं की बिलं त्यावर निघतात. कॅमेरे तेवढे घरून दिसत नाहीत, कारण स्टॅटिक आयपी फायबरलाच. अशा दिवशी वॉचमनला फोन करतो.