छायाचे ऐतवार: माझा अनुभव

धाकटी आठ महिन्यांची होती, पुन्हा दिवस जायला नको होते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून आधी लातूरच्या एका दवाखान्यात गेले, तर तिथं "दोन लेकरं झाली ना? मग ऑपरेशन, नाहीतर तांबी" एवढं बोलून पुढच्या बाईला हाक मारली. ऑपरेशन मला एवढ्यात नको होतं. तांबीत हार्मोन नसतं, त्यातली ३८० ए नावाची तर दहा वर्षं चालते. पण तिनं पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं, आणि माझं हिमोग्लोबिन तेव्हा ९ होतं. माला-एन, ती रोजची गर्भनिरोधक गोळी, थोरल्यानंतर घेऊन झाली होती. दिवसभर मळमळ आणि डोकं ठणकायचं.

शेवटी आशाताईच म्हणाल्या, "वैनी, छाया गोळी घेऊन बगा की. हार्मोन नाही त्यात, अन् अंगावर पाजणारीलाही चालती."

उपकेंद्रात सिस्टरनं लगेच गोळी हातात दिली नाही. कावीळ झाली होती का, अंडाशयात गाठी आहेत का, शेवटची पाळी कधी आली, सगळं विचारलं. आमचे हे सोबत होते. त्यांना वेगळीच शंका, "बायकांवर प्रयोग तर चालू नाही ना?"

सिस्टर हसली. प्रयोग कधीच होऊन गेले म्हणाली. गोळीतलं सेंटक्रोमन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं. १९९१ मध्ये ते 'सहेली' नावानं बाजारात आलं, २०१६ मध्ये सरकारी योजनेत घेतलं, तीच ही 'छाया', फुकट मिळणारी. गोळीत हार्मोन नाही, पण शरीरातल्या इस्ट्रोजेनचं काम गर्भाशयापाशी अडवते, म्हणून गर्भ रुजत नाही. इतकं नीट मला लातूरला कुणी सांगितलं नव्हतं.

पाळीचा पहिला दिवस रविवारी आला, म्हणून माझे वार ठरले रविवार-बुधवार. तीन महिने आठवड्याला दोन, चौथ्यापासून फक्त रविवारी एक. कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केले आणि पाकीट त्याच्याच मागं खोचलं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं, रक्त वाढायच्या गोळ्या आहेत.

खरी परीक्षा दिवाळीत झाली. पाळी आलीच नाही. पंधरा दिवस वर गेले, फराळ करताना माझं निम्मं लक्ष बोटावर दिवस मोजण्यात. या गोळीनं पाळी लांबू शकते हे सिस्टरनं सांगितलं होतं, पण ऐकलेलं आणि अंगावर आलेलं वेगळं. उपकेंद्रात लघवी तपासली, काही नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवले.

पुढं मात्र चूक माझीच झाली. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, नेमकी रविवारी. भल्या पहाटेपासून भज्जी, उंडे, आंबिलाचं बिंदगं, सगळा लवाजमा घेऊन शेतात. गोळी आठवली सोमवारी दुपारी. आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सात दिवस उलटले नाहीत, आत्ताच घ्या, पुढची ठरल्या वारीच; फक्त पाळी येईपर्यंत निरोध वापरा. निरोध आणायला ह्यांनाच पाठवलं.

पुढच्या रविवारी मी भाकरी थापत होते. आत्याबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "आज ऐतवार हाय, गोळी घेतली का?" मी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रक्ताची गोळी रोज असती माय. ही ऐतवारचीच कशी?"

मी काही बोलले नाही. त्यांनीच उठून कॅलेंडरमागचं पाकीट काढून दिलं.