‘नरसंहार’ला आवक क्रमांक मिळेना

पहिलं हेच सांगतो: कॉलेजात प्रदर्शनाची परवानगी मागायची असेल तर अर्जाच्या दोन प्रती करा आणि दुसरीवर पोच घ्या. मी घेतली नव्हती, तिथेच अडकलो.

नरसंहाराच्या विषयात पडलो तो आफ्रिकेतल्या रवांडामुळे. १९९४ च्या एप्रिलपासून साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तिथल्या तुत्सी समाजाची. तिथल्या एका रेडिओवर तुत्सींना झुरळं म्हणायचे, हे वाचलं त्याच आठवड्यात आमच्या वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी एका समाजाला तेच म्हणून मोकळं झालं. खाली हसण्याचे पंधरा इमोजी. त्यातला एक माझा.

मग आम्ही चौघांनी पोस्टर प्रदर्शन ठरवलं, ९ डिसेंबरला. १९४८ साली त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी नरसंहारविरोधी करार मंजूर केला. चौदा पोस्टरं, मॅडमचा होकार, रिकामा हॉल, सगळं चार दिवसांत जमलं. राहिली कॉलेजची परवानगी. तिला एकोणीस दिवस.

आवक-जावकच्या खिडकीतल्या आप्पांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. “नरसंहार? आठे काय व्हयनं रे भो?”

“इथे नाही आप्पा, रवांडात.”

“मंग तठे लाव.”

विषयात ‘मानवी हक्क दिन’ लिहा, लगेच नंबर टाकतो, म्हणाले. तो दिवस १० तारखेला, आणि शब्द बदलायचा तर पोस्टरं कशाला? मी हटून बसलो. मग विभागप्रमुखांची शिफारस आणा. आणली. प्राचार्य विद्यापीठात गेलेत. परत आले, तर अर्जच सापडेना. यावलहून एसटीने येऊन रोज त्याच खिडकीसमोर उभं राहायचं. एकदा आवाज चढवला, तर आणखी तीन दिवस गेले, चढवू नका. नंतर पोलिसांचं पत्र मागितलं. ठाण्यात म्हणाले, बंद हॉल, लाउडस्पीकर नाही, कॉलेजचं कॉलेजने बघावं. पण लेखी? नाही.

शेवटी लॉ करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं, करारच जोड. भारताने १९४९ मध्ये सही केली, २७ ऑगस्ट १९५९ ला तो रीतसर मान्य केला. ती तारीख पिवळ्या मार्करने रंगवून नेली.

“म्हणजे आपल्या सरकारची सही हाये?”

“आहे.”

“मंग आधी सांगतं ना!” आणि ठप्प, शिक्का. त्या करारासाठी आपल्याकडे वेगळा कायदा अजून झालेला नाही, हे मी खिडकीत मुद्दाम बोललो नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी डब्याच्या सुट्टीत आप्पा आले. रवांडाच्या ओळखपत्राच्या पोस्टरपाशी थांबले. हुतू, तुत्सी की त्वा, हे कार्डावरच असायचं. बेल्जियमच्या राजवटीपासूनची पद्धत. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणूस बाजूला काढत.

“कार्डावरच छापेल व्हतं?”

“हो.”

“पाचला हॉल सोडा. भिंतीला टेपचे डाग नको.”

टेप नव्हतीच. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे, तीस रुपयांत काम झालं.